खिशातली बाग

शिंपीकाकांचा उभा जन्म शाळेचे गणवेश शिवण्यात गेला. तोच निळा रंग, तीच शिवण. "मी मशीन चालवत नाही, मशीन मला चालवतंय," असं ते करवादायचे. "मग दोघांनाही तेल घालते," काकू म्हणायच्या.

एकदा ऐन घाईत खिशाच्या आतलं पांढरं कापड संपलं. काकांनी हाताला लागलेला फुलाफुलांचा जुना पडदा कापून खिसे शिवून टाकले. आत कोण बघायला जातंय! पण पोरांनी खिसे उलटे करून वर्गात बाग फुलवली. दुसऱ्या दिवशी दुकानात ही झुंबड! कुणाला खिशात मासे हवे, कुणाला वाघाचे पट्टे. काका जुन्या चादरी, छत्र्या गोळा करत सुटले. जेवायला हाक मारली तरी उठेनात.

"मशीनने धरून ठेवलंय का?" काकू विचारायच्या.

"छे, मीच सोडत नाहीये त्याला!"

मग एके दिवशी खुद्द मुख्याध्यापक दुकानात आले. काकांनी वाघाच्या पट्ट्यांचं कापड झटकन मशीनखाली सारलं. सरांनी दार लोटलं, इकडेतिकडे पाहिलं आणि काखेतली आपली पँट हळूच पुढे केली.

"जहाज जमेल का हो?"