सासूबाईंच्या गाण्यांची बत्तीस अक्षरं

आमच्याकडे आली लांज्याची माझी नणंद सुमन, मागून तिचा मुलगा प्रकाश, आमचा व्हायरस लागलेला कंप्युटर आतून सगळा पुसून द्यायला. मंडळी, त्यातच सासूबाईंनी गायलेली लग्नातली गाणी होती, एकाच फायलीत. मूळ कॅसेटला तर केव्हाच बुरशी आली.

प्रकाशने सीडी केली, पहिलं गाणं लावलं. आईचा आवाज ऐकून सुमन रडलीच.

"वाजतंय ना मामी? आता पुसतो."

"थांब! बाकीची वाजतात कशावरून?"

माझी नात मुग्धा म्हणाली, "आजी, जुळवून बघू." काळ्या पडद्यावर 'एमडीफाइव्हसम' असा हुकूम लिहून तिने कंप्युटरातल्या आणि सीडीवरच्या फायलीची बत्तीस-बत्तीस अक्षरं काढली. फाइल जशीच्या तशी उतरली तर अक्षरं सारखी येतात म्हणे.

मला इंग्रजी येत नाही, पण सारखं-वेगळं दिसतं की! पहिलंच अक्षर वेगळं, म्हणजे सीडीवर गाणी नीट उतरलीच नव्हती.

"मामी, तुम्ही पोलिसात हव्या होतात."

"चहा देते, पण पुसायला देणार नाही."

मिरकरवाडा बंदरावरून आणलेले बांगडे ओट्यावर तसेच ठेवून मी तिथेच बसले. प्रकाशने दुसरी सीडी केली, तिची बत्तीसही अक्षरं बोट ठेवून जुळवली, मगच पुसू दिलं. काय आनंद झाला म्हणून सांगू!

तुम्ही जुळवून बघता, की पहिलं गाणं वाजलं की खूश?

सगळी गाणी माझ्याशेजारी बसून ऐकायला सुमन रविवारी परत येते म्हणालीय.