मलावीचा मलेरिया आणि नीलाताईंचं पुण्य

"मलेरिया आहे," डॉक्टर म्हणाली. "फॅल्सिपॅरम. तिकडे जाताना गोळ्या घेतल्या होत्या का?"

मी ए अँड ईमध्ये, म्हणजे हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात, ट्रॉलीवर पडले होते. दात असे वाजत होते की मलाच माझी लाज वाटत होती. उत्तर दिलं शेजारी मांडीवर भलीमोठी पर्स घेऊन बसलेल्या नीलाताईंनी.

"डॉक्टर, वी आर इंडियन्स. मलेरिया आम्हाला नवा नाही."

ती डॉक्टर पोरसवदा, माझ्या नातीच्या वयाची. तिने नीलाताईंकडे एकदा बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "डासाला ते माहीत नसावं."

तेवढ्या तापातही मला हसू आलं. मग उलटी झाली.

हे सगळं लिहितेय ते एवढ्यासाठी, की तुमच्यापैकीही कुणीतरी कधीतरी आफ्रिकेत जाणार. सफारीला जाल, नातेवाइकांकडे जाल, नाहीतर आमच्यासारख्या पुण्य गोळा करायला जाल. शेवटच्या प्रकारच्या बायकांनी तर हे दोनदा वाचावं. मी काही शिकलेली नाही. लग्न होऊन लंडनमधल्या हॅरोला आले, शाळेच्या किचनमध्ये जन्मभर बटाटे सोलले, इंग्रजी टीव्हीवरून उचललं. तेव्हा बोलते तसंच लिहिणार.

आमचा हॅरोतल्या मराठी बायकांचा एक गट आहे. चर्चच्या हॉलमध्ये दर आठवड्याला जमतो, स्वेटर विणतो, बटाटेवडे खातो आणि आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या एका अनाथाश्रमाला मदत पाठवतो. गटाच्या प्रमुख नीलाताई. त्यांचे मिस्टर डॉक्टर होते, त्यामुळे त्या स्वतःला अर्ध्या डॉक्टर समजतात. मिस्टर हाडांचे डॉक्टर होते, याची मात्र कुणी त्यांना आठवण करून द्यायची नाही.

यंदा नीलाताईंनी ठरवलं की नुसते स्वेटर पाठवून भागणार नाही, प्रत्यक्ष जाऊन "त्या लेकरांना माया द्यायची." माया द्यायला निघालेल्या बायकांच्या बॅगांत काय होतं सांगू? एकसारख्या जांभळ्या कॉटनच्या साड्या, फोटोसाठी. औक्षणाचं तबक, तेही फोटोसाठी. मलेरियाच्या गोळ्या मात्र कुणाच्याच बॅगेत नव्हत्या.

त्याला प्रोफिलॅक्सिस म्हणतात, म्हणजे आजार होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायचं औषध. जाण्याआधी सुरू करायचं, तिथे घ्यायचं आणि परत आल्यावरही सांगितलं असेल तितके दिवस चालू ठेवायचं. नीलाताई म्हणाल्या, "अगं, त्या गोळ्यांनी घाणेरडी स्वप्नं पडतात. आणि आपली सगळ्यांची बालपणं डासांत गेली की! रक्तात मुरलाय मलेरिया आपल्या. गोळ्या त्या गोऱ्यांना." आम्ही सगळ्या हसलो. कुणी चिपळूणची, कुणी नाशिकची, प्रत्येकीला आपापला लहानपणचा ताप आठवला. लंडनात आयुष्य काढलेल्या म्हाताऱ्या बायका आम्ही, आणि फुशारकी कशाची तर लहानपणी डास चावल्याची!

डॉक्टरने मला नंतर नीट समजावलं. लहानपणी मलेरिया होऊन गेला तरी जे काही थोडं संरक्षण मिळतं ते त्या जागेपासून दूर राहिलं की ओसरून जातं. शिवाय मलेरियाच्या जाती निराळ्या. आपल्याकडे बऱ्याच जणांना होतो तो व्हायव्हॅक्स. आफ्रिकेत बहुतेक हा फॅल्सिपॅरम. हा तांबड्या पेशींत घुसतो आणि किडनी, मेंदू, कुठेही पोचतो, तोही झपाट्याने. "तुम्ही अजून एक दिवस घरी थांबला असतात तर..." ती म्हणाली, आणि वाक्य पुरं केलं नाही.

घरी थांबले होतेच की मी! परत आल्यावर आठवडाभराने अंग मोडून आलं. नीलाताई फोनवर म्हणाल्या, "फ्लू असेल, पॅरासिटामॉल घ्या, आल्याचा काढा घ्या." मी घेतला. मँचेस्टरहून माझ्या मुलीचा, मेघनाचा फोन आला तेव्हा मी तिच्याशी असंबद्ध बोलत होते म्हणे. तिने नीलाताईंना फोन करून असं काही झाडलं की त्या मुकाट गाडी घेऊन आल्या. म्हणून त्या माझ्या ट्रॉलीशेजारी होत्या. मायेने नाही.

ब्लड फिल्म म्हणून तपासणी असते. काचेवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसतात का बघायचं. एकदा निगेटिव्ह आली तरी पुन्हा करतात. माझ्या रक्तात पहिल्याच वेळी सापडले, भरपूर. मग शिरेतून आर्टेसुनेट चालू केलं, ते यावरचं मोठं औषध. मेघनाला यायला वेळ लागणार होता. तिची ट्रेन रद्द झाली होती.

आता जे सांगते ते मला आठवत नाही, नर्सनी मेघनाला सांगितलं आणि मेघनाने मला. मी तापात होते आणि जो कोणी पलंगाजवळ येईल त्याचा हात धरत होते. नर्सचा धरला. चहावालीचा धरला. पोर्टेबल मशीन घेऊन एक्स-रे काढायला आलेल्या धिप्पाड माणसाचा हात धरून त्याला "आई, जाऊ नकोस" म्हणाले. तो बिचारा उभा राहिला म्हणे तसाच. मेघना आली, तिने कपाळावर हात ठेवला आणि मी झोपले. पुन्हा कुणाचा हात धरला नाही. नर्स जवळ आली तर उलट कुरकुर केली, "किती सुया टोचतात मेल्या."

मेघना हसत हसत सांगत होती, "आई, अगं त्या एक्स-रेवाल्याला तू ओळखत तरी होतीस का?"

मला हसू येईना. मला चिसोमो आठवली.

आम्ही आश्रमात पोचलो, गाडीचं दार उघडलं, आणि पंचवीसेक पोरं धावत येऊन आमच्या पायांना बिलगली. चिसोमो सहा वर्षांची असेल. तिने माझा हात धरला तो सोडेचना. जेवताना, चालताना, सतत. कुठल्याही नव्या बाईला ही पोरं "मम्मी" म्हणायची. नीलाताई रुमालाने डोळे पुसत होत्या, "बघा हो, किती माया लावतात! मला आई म्हणाली हो!" आणि दुसऱ्या हाताने, "फोटो काढलास ना गं?"

आम्ही निघालो त्या दिवशी फाटकातून दुसरी गाडी आत येत होती, कुठल्यातरी दुसऱ्या देशातल्या बायकांची. चिसोमोने माझा हात सोडला, त्या गाडीकडे धावली आणि पहिल्या उतरलेल्या बाईच्या पायाला मिठी मारली. अगदी तशीच. मला तेव्हा थोडं लागलं, खोटं कशाला बोलू.

हॉस्पिटलात पडल्यापडल्या कळलं की ती माया नव्हती. तो ताप होता. ज्याचं कुणी जवळ नाही ते येईल त्याचा हात धरतं. आणि आम्ही त्या तापाचे फोटो काढून आणले होते.

पण चिसोमोचं माणूस होतं! हेच तर मला गिळवत नव्हतं. रविवारी फाटकाबाहेर एक म्हातारी बसलेली असायची, फडक्यात उकडलेली रताळी बांधून. नीलाताईंना वाटलं भिकारीण आहे, त्यांनी तिला बिस्किटाचा पुडा दिला. ती चिसोमोची आजी होती. चिसोमो तिच्याकडे गेली तेव्हा मिठीबिठी काही मारली नाही. तिच्या पाठीला टेकून रताळं खाल्लं, साल काढून दिलं नाही म्हणून तिच्यावर रुसली, आणि वर तिच्या फडक्याला हात पुसले. आपली नातवंडं करतात तसंच.

मी मॅनेजरला विचारलं, तर तो सरळ म्हणाला, "हो मॅडम, आजी आहे. बहुतेकांचं कोणीतरी आहे."

"मग अनाथाश्रम कसा?"

"आजीच्या घराचं छप्पर गेलंय, शाळेचा युनिफॉर्म परवडत नाही. इथे शाळा मिळते." मग त्यानेच मला विचारलं, "मॅडम, पाहुणे अनाथांसाठी येतात. आजीसाठी कोण येतं?"

पाहुणे असताना नातेवाइकांनी आत यायचं नाही, असा नियम होता. पाहुण्यांचा विरस होतो म्हणून. म्हणजे आम्ही तिथे होतो म्हणून ती आजी फाटकाबाहेर होती. वा रे आमची माया!

नीलाताईंना मी हे सांगितलं, तर म्हणाल्या, "अहो मावशी, त्या झोपडीत काय ठेवलंय? इथे निदान बंक बेड आहे. आणि आता तर आपण नवी डॉर्मिटरी बांधतोय." डॉर्मिटरी, म्हणजे आणखी चाळीस पोरांची झोपायची खोली. नीलाताईंच्या सासूबाईंच्या नावाने. ह्याच सासूबाईंना जिवंतपणी यांच्या घरात एक खोली मिळाली नव्हती, हे हॅरोत सगळ्यांना माहीत आहे. नवी खोली झाली की ती भरायला पोरं लागणार, आणि ती कुठल्यातरी आजीच्याच पाठीमागून उचलून आणणार. चिसोमो तर परत जायचीच नाही.

मी जरा शुद्धीत आले तशा नीलाताई वॉर्डात हजर, सोबत गटातल्या दोघी, शाल आणि नारळ घेऊन. मला ड्रिप लागलेली, आणि या बायका मला शाल पांघरून फोटो काढतायत! नर्सने नारळ उचलून विचारलं, "हे पेशंटने खायचंय का?" नीलाताई म्हणाल्या, "नो नो, रिस्पेक्ट." मग माझ्याकडे वळून, "मावशी, तुम्ही अनाथांसाठी जीव धोक्यात घातलात. बरं वाटलं की हॉलमध्ये मोठा सत्कार करू. तुमचं ऐकून लोक डॉर्मिटरीला भरभरून देतील."

तुमच्या मूर्खपणाने मी मरता मरता वाचले, आणि तुम्ही त्याच्या विटा करून भिंत बांधणार! पण मी तोंडातून एवढंच काढलं, "करा सत्कार. चार शब्द बोलेन मी."

घरी सोडल्यावर संपत नाही, हेही लक्षात ठेवा. आर्टेसुनेटनंतर काही जणांच्या तांबड्या पेशी उशिरा फुटतात. त्याला डिलेड हिमोलिसिस म्हणतात. म्हणून काही आठवडे रक्त तपासायला बोलावतात. जा. वेटिंग रूममध्ये बसायचा कंटाळा करू नका. जिना चढताना मला धाप लागायची, ती त्यामुळेच.

सत्कार झाला. हॉल भरला होता. शाल झाली, नारळ झाला, नीलाताईंचं भाषण झालं. मग मी उभी राहिले आणि एक्स-रेवाल्याची गोष्ट सांगितली. लोक पोट धरून हसले. मग चिसोमोची सांगितली, आजीची सांगितली, बिस्किटाच्या पुड्याची सांगितली. कुणी हसलं नाही. मी म्हटलं, "डॉर्मिटरी नको. ज्या पोरांचं घर आहे त्यांच्या घराला छप्पर घाला, युनिफॉर्म द्या, त्यांना घरी पाठवा. ज्यांचं खरंच कुणी नाही त्यांच्यासाठी आश्रम आहे तेवढा पुरे. आणि फोटो पुरे झाले."

नीलाताई माइक घेऊन गोड आवाजात म्हणाल्या, "मावशींची तब्येत अजून पूर्ण बरी दिसत नाही."

"खरंय," मी म्हटलं, "पण मला निदान औषध मिळालं."

त्या दिवशी गट फुटला. निम्म्याहून जास्त नीलाताईंबरोबर गेल्या. त्या आता दुसऱ्या कुठल्यातरी देशात माया द्यायला जाणार आहेत म्हणे, नव्या रंगाच्या साड्या आल्यात. गोळ्या घेणार आहेत की नाही, मी विचारलं नाही. डॉर्मिटरीला पैसे देणारे मात्र पुरेसे उरले नाहीत. आमच्यातली भारती इथल्या कौन्सिलमध्ये, म्हणजे नगरपालिकेत, मुलांच्या विभागात काम करून निवृत्त झालेली. तिने तिथल्या जिल्ह्याच्या समाजकल्याण अधिकाऱ्यांशी रीतसर बोलणं सुरू केलं. आम्ही सहा जणी आता आज्यांना मदत करतो. फार संथ काम आहे, दाखवण्यासारखं त्यात काही नाही. एका छपराचे पत्रे यायलाच अख्खा पावसाळा गेला.

गेल्या महिन्यात भारतीने व्हिडिओ कॉल लावून दिला. पत्र्याच्या छपराखाली, ओट्यावर आजी बसली होती. समोर कोंबड्या. चिसोमो शाळेच्या निळ्या फ्रॉकात. मी आपली हात हलवतेय, "चिसोमो! चिसोमो!" ओरडतेय. तिने माझ्याकडे एकदा बघितलं, तोंड वाकडं केलं आणि आजीच्या पाठीमागे जाऊन लपली. आजी ओशाळली, तिला पुढे ओढायला लागली, पोरगी काही येईना. नुसतं एक डोकं दिसायचं आणि पुन्हा आत जायचं. मी कोण होते तिची? अनोळखी म्हातारी.

मेघना शेजारी होती. म्हणाली, "आई, विसरली गं ती तुला. वाईट वाटलं?"

मी म्हटलं, "नाही गं. ताप उतरलाय तिचा."