आधी चालू तर होऊ दे

ऑपरेशननंतर आईला सारखं ड्रेसिंगला बारामतीला न्यावं लागायचं. एसटीत तिला बसवत नव्हतं, आणि दर खेपेला कुणाच्या दारात गाडी मागायला जायचं? म्हणून सांगवीच्या आमच्या अंगणात गंजत पडलेली जुनी जीप मी खोलली. मदतीला दोन मित्र, दोघंही ऊस वाहणारे ट्रॅक्टरवाले. ब्रेकला त्यांनी हातच लावू दिला नाही. "ब्रेकचं मागनं बघू, आधी चालू तर होऊ दे!"

ड्रेसिंगच्या दिवशी सकाळी बॅटरीनं मान टाकली. मग जीप दोरानं ट्रॅक्टरला बांधली. एक मित्र ट्रॅक्टरवर, दुसरा मागून ढकलायला, मी स्टिअरिंगवर. ट्रॅक्टरवर गाणी कान फाटतील एवढ्यानं लागलेली. फाटकाशी इंजिन एकदाचं धडधडलं. तेवढ्यात रस्त्यावरनं उसाची ट्रॉली आली आणि ट्रॅक्टर थांबला. मी बोंबललो, नुसत्याच खाली जाणाऱ्या ब्रेकवर उभा राहिलो. जीप ट्रॅक्टरवर आदळली. रेडिएटर फुटून वाफ उसळली.

"झाली का न्हाय चालू?" ट्रॅक्टरवरनं उडी मारत तो नाचायलाच लागला. त्याचा गळाच धरावा वाटला.

इंजिनाचा आवाज ऐकून आई भिंत धरत दारात आली होती. काखेत पिशवी.

"निघायचं का रं?"