चादरीमागची आई

जळगावात आमच्या ह्यांचा फोटो स्टुडिओ होता. साठ-सत्तरच्या त्या काळात व्यापारी घरांतल्या बायका स्टुडिओत येत नसत आणि परका पुरुष त्यांच्या आतल्या खोलीत जात नसे. म्हणून मुलांचे फोटो घरी जाऊन काढायचं काम माझ्याकडे आलं. दिवे सोबत नेणं शक्यच नव्हतं. एसटीत कॅमेरा मांडीवर आणि स्टँड पायाशी, एवढंच मावे. त्यामुळे कुठल्याही घरात गेले की मी आधी खिडक्या बघायची. जिच्यातून ऊन थेट आत येत नाही, ती खिडकी माझी. तिच्यापाशी मूल बसवायचं आणि काळोखाच्या बाजूला कुणाला तरी पांढरं धोतर पसरून धरायला लावायचं, म्हणजे दुसरा गालही उजळतो.

लोकांना हे पटत नसे. "अंगणात एवढं लख्ख ऊन सोडून आत कशाला?" हे ऐकून माझे कान किटले होते. उन्हात मूल डोळे बारीक करतं आणि फोटोत रडकं दिसतं, हे मी किती घरांत सांगितलं असेल! त्यात ती पावडर. फोटो म्हटला की मुलाच्या तोंडावर थर चढलाच पाहिजे. मी आल्या आल्या ओला पंचा मागायची आणि सगळ्यांच्या देखत तो थर पुसून काढायची. जीभ तिखट होती माझी, पण फोटो चांगला येई म्हणून लोक ऐकून घेत.

एकदा धरणगावच्या एका मारवाडी घरून बोलावणं आलं. मुलगा दीडेक वर्षाचा, कुरळ्या केसांचा. त्याचे थोरले काका राजस्थानात मूळ गावी राहत. त्यांना मूल नव्हतं, म्हणून ह्याला त्यांच्या ओटीत घालायचं ठरलं होतं. मुहूर्ताआधी तिकडे त्याचा फोटो पाठवायचा होता.

खिडकीच्या उजेडात फोटो काढायचा तर मूल क्षणभर तरी हलता कामा नये, आणि एवढं लहान मूल आईच्या मांडीवाचून शांत बसत नाही. मी तसं म्हणताच मुलाच्या आजी म्हणाल्या, "बसू दे, पण बहू फोटोत दिसायला नको. तिकडची बहू बघेल, तिच्या मनाला लागेल." त्यांनी आतून पांढरी चादर आणली आणि खुर्चीवर बसलेल्या सुनेला डोक्यापासून पायापर्यंत झाकून टाकलं. वर मुलाला ठेवलं. चादरीखालून तिनं त्याला कमरेशी धरलं होतं.

मला भयंकर राग आला. जिवंत बाई अशी सामानासारखी झाकायची? पण ती स्वतः काही बोलत नव्हती, मग मी कुठल्या तोंडानं बोलणार? धोतर आजींच्याच हातात दिलं आणि कामाला लागले.

पहिला फोटो छान मिळाला. मुलगा खिडकीकडे बघत होता. मी पुढचा घेणार, तेवढ्यात त्याला पाठीमागच्या चादरीची गंमत वाटली. तो वळला, दोन्ही मुठींनी चादर ओढली. चादर खाली आली आणि तिच्याबरोबर आईचा पदरही. ती हसली. एका बाजूनं खिडकीचा उजेड, दुसऱ्या बाजूनं सासूनं धरलेल्या धोतराचा. मी बटण दाबलं.

"हा नको धुऊस," आजी म्हणाल्या.

"रोल अख्खा धुवावा लागतो," मी म्हणाले.

पुढच्या आठवड्यात दोन्ही फोटो घेऊन गेले, ते भांडायच्या तयारीनंच. दुसरा फोटो आजींपुढे ठेवला आणि म्हटलं, "हाही पाठवा. आपली आई कोण, ते त्याला कळू द्या. तुम्ही मूल देताय, तिला पुसून टाकत नाही."

आजींनी तो बराच वेळ पाहिला. मला वाटलं, आता फाडणार. पण त्यांनी सुनेला हाक मारली आणि फोटो तिच्या हातात दिला. "हिला विचार. ही म्हणेल तसं."

सून पाचोऱ्याची, अहिराणी बोलणारी. मुलगा तिच्या कडेवरच होता. तिनं फोटोवरून बोट फिरवलं आणि मला म्हणाली, "हाऊ नका धाडू, अक्का. हाऊ दखीसन तो रडी. तठे त्याले तिले माय म्हननं शे ना."

फोटो पाहून तो रडेल, तिकडे तर त्याला काकीलाच आई म्हणायचं आहे, हे ऐकून माझा सगळा आवेश जागच्या जागी विरला. "मग तू तरी ठेव," मी कशीबशी म्हणाले.

"मनाजोडे ऱ्हायना तं मी दखतच बसू. तुमनाजोडे ऱ्हाऊ द्या."

म्हणजे फोटो मी माझ्याजवळ ठेवायचा, तिच्याकडे राहिला तर ती बघतच बसेल. आजी तोंड फिरवून आत गेल्या. त्या रडत होत्या, हे मला त्यांच्या पाठीवरून कळलं. मग मला तिथं बसवेना.

घरी आल्यावर ह्यांनी फोटो हातात घेतला. "वाया गेलेला आहे हा. मुलाचं तोंडच नाही." ते खरंच आहे. त्यात मुलाची नुसती मान आणि केस दिसतात. दिसते ती आई, त्याला त्या वेळी जशी दिसत होती तशी. पुढे घरच्या लग्नकार्यांत ती त्याला भेटत असेल. काकी म्हणून तो तिच्या पायाही पडत असेल.