आत्याबाईंना पाखरं दाखवली त्या सकाळी

अक्का गेल्याचा निरोप मलकापूरला एस.टी.च्या कंडक्टरने आणला. दाजींनी जळगाव जामोदच्या स्टँडवर त्याला सांगितलं, आणि त्याने आमच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून मला. माझी सख्खी थोरली बहीण. महिना होत आला, भेटायला येणाऱ्या बाया अजून तेच म्हणतात, "लय सोशिक होती व बाई!" सोशिक? डोंबलाची सोशिक! हट्टी होती ती, आणि त्या हट्टापायी एकदा आम्हा तिघींचा जीव जाता जाता राहिला. हे लिहून ठेवलं नाही, तर ती सोशिकपणाची कथाच कायमची तिला चिकटेल.

लग्न होऊन ती जळगावला गेली तेव्हा महाराष्ट्र नुकताच झाला होता. गावाबाहेर सातपुड्यातून उतरणारा नाला, उन्हाळ्यातही त्यातले एक-दोन डोह टिकायचे. पाखरांचं वेड तिने माहेराहूनच नेलं होतं. दाजी भला माणूस, त्यांनी कुठूनशी एक जुनी दुर्बीण आणून दिली. झाडलोट, पाणी उरकून अक्का उजाडता उजाडता नाल्यावर जायची, जुन्या लुगड्यांची वाकळ दगडावर अंथरून तासभर बसायची, की परत. पण सुनेनं एकटीनं नाल्यावर जायचं म्हणजे गावाला आयतंच चघळायला! शेजारणींनी आत्याबाईंचे, म्हणजे तिच्या सासूबाईंचे, कान भरले. "पाखरं पाहाले जाते म्हने! पाखरं का आंगनात येत नाईत?"

त्या चैत्रात मी तिच्याकडे राहायला गेले होते. एका सकाळी आम्ही निघालो, तर आत्याबाई वहाणा घालून दारात उभ्या. "मीबी येतो आज. पाहू दे मले काय हाये तिथं. अन काई नसलं, तं उद्यापासून उंबऱ्याभाईर पाय नाई टाकाचा."

अक्का नुसतं "हाव" म्हणाली. वाटेत तिने माझा हात इतका घट्ट धरला की माझी बांगडी मनगटात रुतली.

आणि नेमकं त्या दिवशी मेलं एक पाखरू धड दिसेना! रोज खंड्या बसायचा ती फांदी रिकामी. बुलबुल ओरडले, पण ते तर घरामागेही ओरडतात. आत्याबाई अंगानं जाड, दगडावर अवघडून बसलेल्या. ऊन वर आलं तशा पदरानं वारा घेत म्हणाल्या, "झालं पाहून? चाला आता." अक्काचा चेहरा पार उतरला. मी मनात म्हटलं, देवा, एखादा मोर तरी धाड...

देवानं धाडली ती मोहोळघार. डोहापलीकडे उंच कडा होता, त्याच्या पोटाला सुपाएवढं आग्या मोहोळ. तो मोठा पक्षी घिरट्या घालत आला आणि सरळ पोळ्यावर तुटून पडला. अक्का आनंदानं वेडीच झाली. तिनेही असं कधी पाहिलं नव्हतं. "आत्याबाई, इकडे या, इथून नीट दिसते!" असं म्हणत तिने सासूला जवळजवळ ओढतच कड्याखाली नेलं आणि दुर्बीण त्यांच्या डोळ्यांना लावली. इतकी पाखरं पाहिलेली बाई, पण चवताळलेल्या माशा वरच्या पाखराला सोडून खालच्या माणसाला धरतात, हे तिच्या ध्यानातच आलं नाही! "माय व!" आत्याबाई म्हणत होत्या, "कसं तोडून राह्यलं पाहा ते!" ...आणि मग तो घों घों आवाज खाली आला.

पहिली माशी माझ्या मानेला डसली. अक्कानं मला डोहात ढकललं. "नाक तेवढं वर ठेव!" आत्याबाई जागच्या जागी मटकन बसल्या होत्या, त्यांना पाण्यापर्यंत नेणं शक्यच नव्हतं. अक्कानं वाकळ त्यांच्यावर टाकली. वाकळ एकीपुरतीच होती. आत्याबाई आतून उठायची धडपड करायच्या, की वाकळीची कड वर व्हायची. शेवटी अक्का त्यांच्यावर पालथी पडली, हातांनी, गुडघ्यांनी वाकळ दाबून. "हालू नका! आत्याबाई, तुमाले माही आन हाये, हालू नका!" तिची पाठ माशांनी काळी झाली होती. मी बुडी मारायची, वर यायची, ती अजून हलते आहे का बघायची, पुन्हा बुडी. दुसरं काही माझ्या हातात नव्हतं. मग तिचं ओरडणं थांबलं...

मोहाची फुलं वेचायला आलेल्या माणसांनी पाचोळा पेटवून धूर केला, तेव्हा कुठे माशा हटल्या. बैलगाडीतून तिला घरी आणलं. तोंड ओळखू येत नव्हतं, डोळे मिटलेले, ओठ सुजून भाकरीएवढे. डॉक्टर सुई टोचून म्हणाले, आजचा दिवस निघाला पाहिजे. आत्याबाईंना डसली ती एकच माशी, पायाच्या अंगठ्याला.

दुपारी सासरे शेतातून आले. कडक माणूस. दारातूनच गरजले, "कोनाच्या डोक्यातलं हे खूळ? काऊन गेल्या होत्या तिकडे?" दाजींनी मान खाली घातली. अक्काला बोलताच येत नव्हतं. मी आत्याबाईंकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, संपलं आता हिचं बाहेर जाणं, वाचली तरी संपलं.

आत्याबाई तिच्या पाठीला कांद्याचा रस चोळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "मीच नेलं तिले. मले पाखरं पाहाची होती."

"तुले?"

"हाव. मले."

सासरे वहाणा घालून परत शेतात गेले.

अक्का वाचली. अंगातली सूज पुरती उतरायच्या आत पुन्हा नाल्यावर जाऊ लागली, हट्टी मेली! आत्याबाई मात्र परत कधी गेल्या नाहीत. "एक डाव पाह्यलं, जन्माचं झालं," म्हणायच्या. पण शेजारीण काही लावून द्यायला आली, की तिला चहाही न विचारता वाटेला लावायच्या.

तेरवी झाल्यावर मी दोन दिवस तिथेच राहिले. अक्काच्या सुनेला पाखरांचा काडीचा नाद नाही, चिमणी आणि साळुंकी सारखीच. सकाळी उजाडताना तिने दाराची कडी काढली, पायात चपला सरकवल्या. माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "कुठं चालली व?"

"नाल्यावर... पान्याजवळ बसतो थोडी," ती म्हणाली, आणि उंबऱ्यातच मागे वळली. "मावशी, या घरात आल्यापासून हे मले पह्यल्यांदाच कोनी इचारलं. सासूबाईंनी कधी इचारलं नाई, अन कोनाले इचारूबी देलं नाई."

आणि इतके दिवस सगळ्यांचं करत, डोळ्यांतून टिपूस न काढलेली ती पोर तिथेच दारात रडायला लागली.