पुणतांब्याच्या फलाटावर एक चुकीचा नंबर

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवतो. पुणतांबा स्टेशनाबाहेरच्या टपरीवर चहाचा कप आता आचमनाच्या पळीएवढा झाला आहे. केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः. तीन घोटांत चहा संपतो आणि गोविंदाय नमः म्हणायला तळाशी नुसता गाळ. या मार्गावर दुसरा रूळ पडला, वर विजेच्या तारा आल्या, सगळं वाढलं. घटला तो एकटा कप. समस्त रेल्वेप्रेमींनी याचा निषेध केला पाहिजे.

आता प्रवासाकडे वळतो.

दर मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली की बापू आणि मी एक दिवस गाड्या बघायला जातो. लोक विचारतात, "पुणतांब्याला? चांगदेवांच्या समाधीला का?" मी सांगतो, "नाही, मालगाड्या बघायला." त्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जी करुणा दाटून येते तिची आम्हाला सवय आहे.

बापू मूळचा काष्टीचा, माझ्याच वर्गातला. लहानपणी स्टेशनाच्या कठड्यावर बसून आम्ही मालगाडीचे डबे मोजायचो. पुढे मी नगरच्या एका शाळेत संस्कृत शिकवायला लागलो आणि बापू त्याच शाळेची व्हॅन चालवायला लागला. ते काम त्याला मिळालं माझ्या शब्दावर. रोज चौदा मुलं सकाळी आणायची, दुपारी घरोघर सोडायची. सुट्टीत व्हॅन रिकामी असते, म्हणून आमची सहल तिच्यातूनच.

सकाळी सहाला नगर सोडलं. (पाटीवर अहिल्यानगर झालं आहे, तोंडात अजून नगरच येतं.) राहुरी, कोल्हार, बाभळेश्वर करत राहात्याला जायचं आणि तिथून उजवीकडे पुणतांब्याला वळायचं. अंतर ऐंशीच्या आसपास, पण तीन तास धरून चाला. नगर-मनमाड रस्त्याविषयी शिष्ट भाषेत लिहिणं माझ्या आवाक्याबाहेर आहे. बापू जुने खड्डे अचूक चुकवत होता आणि नव्यांत सरळ जात होता. माझं डोकं दुसऱ्यांदा टपाला लागलं तेव्हा मी म्हणालो, "जुन्यांना मान देतोस आणि नव्यांचा अपमान करतोस, बापू."

"नव्यांची वळख न्हाई झाली अजून, शास्त्री."

दोघंही खूप हसलो. त्या हसण्याची मला आता लाज वाटते.

कोल्हारला मिसळ खाल्ली. बरी होती, तर्री जरा जास्त. भिंतीवरचा फलक न बघताच बापू म्हणाला, "तू सांग. तुजं ते माजं."

पुणतांब्याला जाणार असाल तर फलाट तिकीट काढा, टोपी आणि दोन बाटल्या पाणी घ्या, आणि कोपरगावच्या टोकाला झाडाची सावली आहे तिथे बसा. फोटोसाठी रुळावर उतरू नका. पुढे गोदावरीचा पूल आहे. इथूनच शिर्डीचा फाटा फुटतो, त्यामुळे लांबलांबची इंजिनं बघायला मिळतात. टपरीवरची बाई आम्हाला दरवर्षी ओळखते.

"काका, वय झालं की आता. अजून पोरांवानी गाड्या मोजताय व्हय?"

"मावशी, तुमी कप मोजा, आमी गाड्या मोजतो," बापू म्हणाला. "तुमच्या कपापरीस आमच्या गाड्या मोठ्या हायेत."

आमची पद्धत ठरलेली आहे. बापूने इंजिनाचा नंबर मोठ्याने वाचायचा आणि मी वहीत लिहायचा. नियम एकच, आणि तो बापूचा: स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेलाच नंबर वहीत जाईल. एकदा धुळीमुळे शेवटचा आकडा दिसला नाही, तर या गृहस्थाने मला अख्खी ओळ खोडायला लावली होती.

त्या दिवशी बाजूच्या रुळावर खडीच्या डब्यांना जोडलेलं एक डिझेल इंजिन धडधडत उभं होतं. साडेदहाच्या सुमारास पुलाकडून मालगाडी आली. बापू उठला, कपाळावर हात धरून त्याने नंबर वाचला, मी खाली मान घालून लिहिला. आकड्यांवरून तो डिझेल इंजिनाचा होता. मान वर केली तर समोरून विजेचं इंजिन जात होतं, आणि त्याच्यावर भलताच नंबर होता.

मी वहीची मागची पानं उलटली. बापूने सांगितलेला नंबर दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात होता. त्याने तो आठवणीतून म्हटला होता.

"बापू, विजेचं होतं ते."

"डिझेल हुतं. आवाज ऐकला न्हाईस का?"

"आवाज या उभ्या इंजिनाचा आहे."

त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. शेवटचा डबा जाईपर्यंत गाडीकडे तोंड करून उभा राहिला.

"मधलं दिसत न्हाई, शास्त्री. कडंकडंचं दिसतंय. तुजे कान दिसत्यात, तोंड न्हाई."

"कधीपासून?"

"दिवाळीपास्नं. साखरंनं झालंय म्हनला डॉक्टर. गेलं ते गेलं."

"आणि व्हॅन?"

"रस्ता पाठ हाय की मला."

"रस्ता पाठ होतो, बापू. रस्त्यावर येणारी माणसं पाठ होत नाहीत."

"मग काय करू? तुज्या वर्गात येऊन श्लोक म्हनू?" तो पहिल्यांदाच चिडला. मग हळू आवाजात म्हणाला, "लेकीचं डिप्लोमाचं शेवटचं वरीस हाय. तेवढं काढतो. कुनाला बोलू नको."

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. वही पिशवीत टाकली.

मला शब्द चालवता येतात, धातू चालवता येतात. व्हॅन येत नाही. एसटीने जाऊ म्हटलं तर बापू म्हणाला, "आन व्हॅन काय डोक्यावर नेऊ?" म्हणून परत त्याच्याच शेजारी बसलो. आता मी वाचत होतो आणि तो ऐकत होता. "डावीकडे खड्डा. पुढे ट्रॅक्टर. म्हैस, थांब." त्याने एकही खड्डा घेतला नाही. सकाळपेक्षा सुंदर गाडी चालवली.

राहुरीत एक शाळकरी मुलगी सायकलवरून अगदी समोर आली. मी ओरडलो. त्याने ब्रेक दाबला, व्हॅन तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. ती आमच्याकडे बघून निघून गेली.

"कोन हुतं?" बापूने विचारलं.

मी म्हणालो, "शेळी."

घरी येऊन आता आठवडा झाला. डिझेल, फलाट तिकीट, मिसळ, चहा धरून सहल स्वस्तच पडते, तुम्हीही करा. त्या नंबराची ओळ मी अजून खोडलेली नाही. नियमाप्रमाणे खोडायला हवी.

शाळा उघडायला अकरा दिवस आहेत. मुख्याध्यापिकाबाईंचा नंबर तीनदा काढला आणि तीनदा मोबाईल खाली ठेवला. हा लेख लिहितानाही त्याचं नाव बदललं. त्याचं नाव बापू नाही. त्याच्या डोळ्यांची मला काळजी आहे, पण जास्त भीती माझी वाटते. शाळेच्या पहिल्या दिवशी मी फाटकाशी उभा राहीन, व्हॅनमधून उतरणारी मुलं मोजीन, चौदा भरली की वर्गावर जाईन आणि कुणाला काही सांगणार नाही.