तपासणी कार्डावर सोपवली तेव्हा

सर्व्हर सांभाळणाऱ्या आमच्या ताईंना नुसतं ‘झालं’ म्हटलेलं चालत नसे. ‘कोणी बघितलं?’ हा त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला. ड्रायव्हर डिझेल भरलं म्हणाला तरी त्या वाकून काटा बघत. सुरतेच्या त्या कापड रंगवणाऱ्या मिलमध्ये गुजराती मंडळी त्यांना ‘शंकाबेन’ म्हणत. ताई हसून ओ देत.

रंगाच्या प्रत्येक मशीनचं तापमान नेटवर्कवरून आमच्या सर्व्हरकडे येई. माहितीची ती पाकिटं उघडायची, वाटेत आकडे बिघडलेत का ते तपासायचं, क्रमाने लावायची, हे सगळं मुख्य प्रोसेसर करी. मशीनं वाढली तसा तो गुदमरायला लागला, पडद्यावरचे आकडे उशिरा येऊ लागले. तेव्हा हे काम परस्पर उरकणारं महागडं नेटवर्क कार्ड आणलं. प्रोसेसर मोकळा झाला, शेठ खूश झाले. प्रोसेसरनेही एकदा पडताळून घ्यावं, असं ताईंचं म्हणणं होतं. मग कार्ड घेतलं कशाला, असं शेठ म्हणाले. ताईंनी बरेच दिवस वाद घातला. शेवटी थकल्या आणि दुसरी तपासणी त्यांनी स्वतःच्या हाताने बंद केली.

त्या उन्हाळ्यात धनराज गेला. खानदेशातून आलेला, डिंडोलीत राहणारा आमचा ऑपरेटर. पडद्यावर मशीन थंड दिसत होतं, म्हणून त्याने झाकण उघडलं. आतलं पाणी उकळत होतं.

धनराजने घाई केली, असं मॅनेजरांनी ठरवून टाकलं. ताई मात्र ते कार्ड टेबलावर घेऊन बसल्या. एका बाजूने आकडे पाठवत, दुसऱ्या बाजूने आलेले ताडून बघत. एके दुपारी त्यांनी मला जवळ बोलावून दाखवलं. पाकीट बरोबर आहे असा शेरा कार्ड देई आणि त्यानंतर त्याच्याच मेमरीत एखादा आकडा बदलून जाई. पुढे तपासणारं कोणी उरलंच नव्हतं.

मी म्हटलं, हा कार्डाचा दोष झाला.

“कार्ड चुकू शकतं हे मला माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “धनराजला नव्हतं.”

चौकशीला आलेल्या साहेबांनाही त्यांनी हेच सांगितलं. त्यांची नोकरी गेली.

सुरत सोडण्याआधी त्या मला घेऊन डिंडोलीला गेल्या. धनराजची बायको साडीला टिकल्या चिकटवत बसली होती. ताईंचं सगळं ऐकून घेतल्यावर तिने एवढंच विचारलं, “मना माणूसनी काही चूक नव्हती ना?”

“नाही. चूक आमची. त्यातही माझी.”

तिने साडी बाजूला ठेवली. आतून सासऱ्याला आणि दोन्ही मुलींना बोलावलं. म्हणाली, “हाई यासले सांगा.”

ताईंनी पहिल्यापासून सांगितलं. मुलगा गेल्यापासून म्हातारा गल्लीत तोंड दाखवत नव्हता. ऐकून झाल्यावर तो उठला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसला. निघताना ताई त्याच्या पाया पडायला वाकल्या. त्याने पाय मागे घेतले.